बघितलीत, घेतली नाहीत

रेविन डनलॉपने बावीस वर्षं मेंढ्यांच्या शेडमध्ये काढली. कातरणारे कातरायचे आणि ती खाली पडलेली लोकर उचलून, झटकून, निवडून द्यायची. पाठ साथ देईना तेव्हा तिने आमच्या दक्षिण बेटावरच्या गोअर गावात कातरणीच्या सामानाचं दुकान टाकलं. यंत्राच्या फण्या, पाती, मऊ तळाचे बूट, जाड कापडाच्या पँटी. मी तिच्याकडे पार्सलं बांधायला होते. पुढे दुकान ऑनलाइन झालं आणि पार उत्तर बेटावरून मागण्या यायला लागल्या.

आमची वेबसाइट डनेडिनचा ब्लेअर सांभाळायचा. त्याचं म्हणणं, लोक वस्तू बघतात आणि न घेताच जातात; त्यांना आठवणीचं ईमेल गेलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणी काय बघितलं याची नोंद व्हायला हवी. रेविन म्हणाली, कसं करायचं ते मला दाखव. तो हसला. "ते तुम्हाला नाही जमायचं, रेविन. आमच्यावर सोडा."

झालं. त्याच दुपारी तिने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

काम तसं थोडंच होतं. वस्तूंच्या पानांमागे एक छोटा कोड बसवायचा. ज्याचा ईमेल पत्ता आपल्याकडे आहे अशा गिऱ्हाइकाने पान उघडलं की वस्तूचं नाव ईमेल पाठवणाऱ्या यंत्रणेकडे जाणार. पहिल्या दिवशी तिने कोड दुकानाच्या मुखपृष्ठावर चिकटवला. एकही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी जागा बरोबर, पण तिने स्वतः बुटांचं पान उघडून बघितलं तरी नोंदींची पाटी कोरीच. सकाळभर शिव्या घातल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही बघणारी कोण हे वेबसाइटला ठाऊकच नाही. तिने आपला पत्ता देऊन परत पान उघडलं आणि पडद्यावर तिचं नाव आलं. ब्लेअरला तिने फोन केला नाही. नुसता त्या पडद्याचा फोटो पाठवला.

यंत्रणेत तयार पत्र होतं, 'तुमची आवडती वस्तू तुमची वाट बघतेय!' ते वाचून ती म्हणाली, पँट कोणाची वाट बघत नाही. तिने आपलं लिहिलं:

"काल तुम्ही ही पँट बघितलीत, घेतली नाहीत. काय खटकलं? सरळ सांगा, मी स्वतः वाचते. तुम्ही काय बघता याची नोंद नको असेल तर खाली दाबा, बंद होईल. रेविन."

ब्लेअरने समजावलं की असली पत्रं उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून पाठवतात. रेविन म्हणाली, मी विचारलंय तर ऐकणार.

उत्तरं आली. पात्यांबद्दल कोणी काही बोललं नाही, बुटांबद्दल दोघंतिघं. पँटीबद्दल महिन्याभरात एकेचाळीस पत्रं, आणि त्यांतली अडतीस बायकांची. कमरेला ढगळ, मांड्यांना घट्ट, वाकलं की पोटात रुतते. वायरोआहून मेरेआना नावाच्या कातरणारीने लिहिलं, "अकरा वर्षं मी पुरुषांची पँट सुतळीने बांधून मेंढ्या कातरतेय. मी काय बघते ते तुला दिसतं ना? मग का घेत नाही तेही बघ."

रेविनने ते पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "मीपण बांधायचे. बावीस वर्षांत एकदासुद्धा कोणाला बोलले नाही गं."

पँटी शिवणारा मर्डॉक पेल क्राइस्टचर्चचा, तिचा जुना ओळखीचा. तिने त्याला फोन लावला आणि बायकांच्या मापाची पँट मागितली. तो म्हणाला, बायकांचा खप बघ, मूठभर आहेत.

"खपात घेणाऱ्या दिसतात, मर्डॉक. चारचारदा बघून परत गेलेल्या माझ्याकडे आहेत."

"बघायला काय जातंय? आणि हे बघ, दुसऱ्याची पँट माझ्या शेजारी ठेवलीस तर माझा माल बंद."

"तू कशाला बंद करतोस? मीच काढते." तिने मी बघत असतानाच त्याच्या पँटीचं पान उतरवलं. आमचा निम्मा धंदा त्या पानावर होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "मला मोजता येतं."

मटाउराला लोइस म्हणून एक बाई होती, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवणारी. दोघींनी मिळून बायकांची पँट स्वतःच शिवायचा बेत केला. पहिल्या वीस पँटी फुकट गेल्या. टापानुईच्या शेडमध्ये पोरींनी घातल्या आणि दुपारच्या चहाआधी शिवणी उसवल्या. तो हिवाळा आम्ही नुसते बूट, फण्या नि पाती विकून काढला. दुसऱ्या खेपेला लोइसने बैठकीला जाड कापडाचा जोड दिला, पाठ उंच घेतली. त्या टिकल्या.

पान चढलं त्या दिवशी रेविनने अडतीस जणींना एकेक करून लिहिलं. सत्तावीस जणींनी मागवली. मेरेआनाने सहा मागवल्या, कातरणाऱ्या टोळीतल्या सगळ्याजणींसाठी.

पुढच्या वर्षी मर्डॉकने बायकांची पँट काढली आणि आपला माल परत ठेवशील का म्हणून विचारलं. रेविनने कळवलं, पुरुषांच्या पाठव. बायकांच्या आम्ही शिवतो.