मिसेस उन्रूंचा सपाट आवाज

मिसेस उन्रूंनी बायबल क्लबची सूचना केराच्या टोपलीत टाकली, अशी आवई आमच्या शाळेत उठली होती. साफ खोटं! सूचना एकेचाळीस शब्दांची होती आणि बाईंचा नियम चाळीसचा. त्यांनी पेन्सिलीनं मोजून ती परत दिली, पोरांनी ‘कृपया’ खोडलं, बाईंनी माइकवर वाचली. रविवारी मेनोनाइट चर्चमध्ये भजनाचा पहिला सूर याच बाई लावतात, म्हणजे बघा.

कॅन्ससमधल्या आमच्या सरकारी शाळेच्या ऑफिसात त्या एकोणीस वर्षं आहेत. रोज आठ दहाला माइकवर घसा खाकरतात, ‘मुलांनो, कान इकडे’ म्हणतात, आणि पुढं सगळं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. मी त्यांची नक्कल केली की वर्ग मुकाट्यानं जागेवर बसतो.

सप्टेंबरात डेलिया प्रुइटनं देव न मानणाऱ्या मुलांचा क्लब काढला. भिंतीवर लावलेले तिचे कागद तासाभरात फाटायचे. माइकवर सूचना आली नसती, तर क्लब तिथंच संपला असता.

उशिराची चिठ्ठी घ्यायला मी ऑफिसात उभा होतो, तेव्हा मुख्याध्यापक बाईंना म्हणत होते, “लोर्ना, या आठवड्यात माइक बिघडला तर बरं! तुमच्या चर्चच्या बायका फोन करून डोकं खातायत.”

“मलाही करतात. बायबल क्लबचं वाचताना चालतो की हा माइक. आता त्याला काय धाड भरलीय?”

सर निघून गेले. मी विचारलं, “तुम्हाला पटतो डेलियाचा क्लब?”

“मुळीच नाही. पण तिसरीत मी वर्गात रोजची झेंड्याची शपथ म्हणत नसे, आम्हा मेनोनाइटांत शपथ घेणंच चालत नाही. वर्गाच्या बाईंनी मला व्हरांड्यात उभं केलं. गप्प बसायचा मला हक्क होता, हे आईला कळेपर्यंत वर्ष सरलं.”

“वाचाल हो, पण आवाज कापेल. माझा कान ते बरोबर टिपणार.”

“लाव पैज. हरलास तर आठवडाभर कॉफीचं भांडं घासायचं.”

“आणि तुम्ही हरलात तर?”

“चिठ्ठी घे आणि वर्गात पळ.”

दुसऱ्या दिवशी मी अगदी स्पीकरखाली बसलो. खाकरणं. कान इकडे. बायबल क्लब, मंगळवार, खोली चार. देव न मानणाऱ्यांचा क्लब, गुरुवार, खोली बारा, डबा आणि प्रश्न घेऊन या. फुटबॉलचा सराव, साडेतीन. मागून कुणीतरी हुर्यो केली. डेलियानं मान वर केली नाही, पण वहीत वेळ लिहून घेतली. मला केसाएवढाही फरक सापडला नाही.

भांड्याच्या तळाला डांबरासारखी कॉफी चिकटलीय. आज तिसरा दिवस.