आतली बाई

माझ्या धाकट्या जावेला थिएटरात सगळे 'आतली बाई' म्हणतात आणि घरात आम्ही 'धाकटी'. तिला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि तिची त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. तक्रार करणं तिच्या रक्तातच नाही. या घरात ते खातं मी सांभाळते.

आतली बाई म्हणजे काय, ते आधी सांगते. संगीत नाटकातली नटी नाचते, पळते, जिने चढते आणि वर गातेही. माणूसच ती, दम लागतो. अशा वेळी विंगेत, काळ्या पडद्यामागे, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढ्या जागेत काळे कपडे घातलेली एक बाई उभी असते. तिच्यापुढे माइक असतो आणि एका छोट्या टीव्हीवर वाद्यवृंद चालवणाऱ्याचे हात दिसत असतात. नटीचा सूर घसरायला लागला की ही खालून अलगद आवाज लावते, नटीचा आवाज त्यावर टेकतो, आणि लोक म्हणतात, वा, काय गायली. काम चांगलं झालं याची खूण एकच, ते झालंय हे कुणाला कळता कामा नये. धाकटी लग्नाआधीपासून हे करत होती. तिच्या हातून, म्हणजे गळ्यातून, कितीतरी नट्या मोठ्या झाल्या. त्यातल्या एकीनेही कधी आमच्या घरचा चहा प्यायला नाही.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण भांडी घासताना गुणगुणायची सवय आहे, ती कुणाच्या बापाला मोडता आली नाही. मी घासते, धाकटी पुसते. माझा सूर भलतीकडे गेला की ती ओठसुद्धा न हलवता खालून आवाज लावायची आणि माझं गाणं आपोआप वाटेवर यायचं. मी म्हणायचे, "अगं, मी काय तुझी नटी आहे का?" त्यावर ती दचकून विचारायची, "मी गायले?"

तिला खरोखरच कळायचं नाही. मी खूप हसायचे तेव्हा.

मग थिएटरच्या मॅनेजरने तिला रंगपटाच्या दारात गाठून उभ्या उभ्या सांगितलं की पुढच्या हंगामापासून आतले आवाज मशीनवर वाजणार. एकदा रेकॉर्ड केले की झालं, रोज माणूस उभं करायला नको. धाकटीने त्याला बरं म्हटलं. घरी येऊन आम्हालाही तिने ते असं सांगितलं, जणू शेजाऱ्यांनी गॅलरीतली कुंडी हलवली.

त्याच आठवड्यात एका नव्या संगीत नाटकाची जाहिरात आली. मोठ्या बहिणीची भूमिका, चाळिशीची बाई, गाणं आलंच पाहिजे, ऑडिशन सगळ्यांना खुली. ताटावर बसल्यावर धाकटी मान खाली घालून म्हणाली, "मी देऊन बघू का?"

माझे दीर छापखान्यात कामाला आहेत. यंत्रांच्या खडखडाटात राहून राहून त्यांचं बोलणंही तसंच झालंय. ते म्हणाले, "देऊन टाक. नाही म्हणायला त्यांच्या काय बापाचं जातंय?" त्यांच्या मते हा धीर देणं होता.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर शिवत बसले होते. मी घरी शिवणकाम करते. धाकटी येऊन शेजारी उभी राहिली. "ताई, हे नाही झालं तर मी कुठे गाणार?" तिने विचारलं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही हवंही नव्हतं. ही भूमिका नाही मिळाली तर ती आवाज असून मुकी होणार होती.

तयारीला लागल्यावर पहिली खोड सापडली. गाणं सुरू व्हायच्या जागी ती किंचित उशिरा सुरू व्हायची. पियानोची टेप वाजायची, जागा यायची, आणि ही कुणाची तरी वाट बघत थांबायची. जन्मभर तिने आधी नटीला श्वास घेऊ दिला होता आणि मग आपला घेतला होता. आता पुढे कुणीच नव्हतं.

"अगं, तूच नटी आहेस आता. तुझी तूच वाट बघतेस होय?"

"कळतंय मला ताई, पण घसा उघडत नाही."

मग मी माझी लाकडी फूटपट्टी काढली. जागा आली की टेबलावर फाडकन हाणायचे. ती दचकून गायला लागायची. असं रोज दुपारी. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली की घरात सगळं ठीक आहे ना. हळूहळू तिचा घसा वेळेवर उघडायला लागला. एके दिवशी मी मुद्दाम पट्टी उचललीच नाही, तरी ती बरोब्बर जागेवर सुरू झाली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकं मोकळं गाणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही इतकी वर्षं कुठे होती?

दुसरी अडचण कपड्यांची. कपाट उघडलं तर आत नुसता काळोख. पडद्यामागे उभं राहायचं म्हणून सगळे कपडे काळे. मी तिला गडद पिवळा झगा शिवला. घालून ती आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, यात मी फार दिसते."

"दिसायलाच चाललीयेस," मी म्हटलं.

पहिल्या फेरीला मी सोबत गेले. तालमीचा मोठा हॉल, बाहेर लांबलचक बोळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बायकाच बायका. कुणी तोंडातल्या तोंडात गातेय, कुणी बाटलीतलं कोमट पाणी पितेय. माइकच्या वायरी दाराखालून जात नव्हत्या म्हणून दार थोडं उघडंच ठेवलेलं होतं. मी फटीजवळची खुर्ची पकडली आणि जी कुणी ती मागायला आली तिला डोळे दाखवले. धाकटी आत गेली, जागेवर सुरू झाली, आणि बोळातली कुजबुज थांबली. दिग्दर्शक म्हणाला, "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" ती म्हणाली, "इथेच."

तिला शेवटच्या फेरीला बोलावलं. मी घरी येताना रस्त्यातच रडले.

शेवटच्या फेरीत दोघीच उरल्या होत्या, धाकटी आणि टीव्हीवरच्या मालिकेत सुनेचं काम करणारी एक बाई. चेहरा घराघरात ओळखीचा. तिला बघून बोळातला झाडूवालासुद्धा केस सारखे करून गेला. तिचं गाणं कच्चं आहे, एवढीच निर्मातीला शंका आहे, असं बाहेर बोललं जात होतं. मला बरं वाटलं. कुणाचं गाणं कच्चं असल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

गाणं दोन बहिणींचं होतं. धाकटी बहीण घर सोडून निघाली आहे आणि मोठी तिला थांबवण्यासाठी गाते. धाकट्या बहिणीने मोठीच्या पायाशी बसून शेवटपर्यंत गप्प राहायचं, एवढंच तिचं काम. दोघींनी आलटूनपालटून दोन्ही बहिणी करायच्या होत्या.

आधी आमची धाकटी मोठी बहीण झाली. वेळेवर सुरू झाली, नीट गायली. थोडी जपून गायली, पण एकही सूर खाली पडू दिला नाही. मग अदलाबदल झाली. मालिकेतली बाई उभी राहिली आणि पिवळा झगा सावरून आमची धाकटी तिच्या पायाशी, दिग्दर्शक-निर्मातीच्या टेबलाकडे पाठ करून बसली. फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

त्या बाईचं पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात एक लांब ओळ आहे, वर चढत जाणारी. धाकटीने घरी त्या ओळीशी किती झटापट केली ते मला माहीत होतं. त्या बाईचा श्वास अर्ध्यातच संपला. सूर खाली यायला लागला, माझ्यासारख्या ढ बाईलाही कळलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली आणि मनात म्हटलं, पड.

तो पडला नाही. खालून काहीतरी आलं आणि त्याला उचलून नेलं.

तो आवाज मी माझ्या मोरीत रोज ऐकत होते. धाकटीचे ओठ मिटल्यासारखे होते, खांदे मात्र हळूच वर गेले होते. पियानोवाल्याने एकदा वळून बघितलं. टेबलामागची माणसं त्या उभ्या बाईकडे बघत होती. पुढची ओळही तशीच गेली. शेवटच्या सुरावर निर्मातीने डोळे पुसले. दिग्दर्शक उठून उभा राहिला.

पियानोवाला पाणी प्यायला बाहेर आला. त्याने मला विचारलं, "त्या तुमच्या कोण?"

"जाऊ."

"दुसरीच्या ओळी का गायल्या त्या?"

"तुम्हाला ऐकू आलं? मग आत सांगा ना."

"मी शेजारी बसलोय म्हणून दोन आवाज ऐकू आले. टेबलापर्यंत एकच पोचला," तो म्हणाला. त्याने पेला पालथा घातला. "आणि मला फक्त वाजवायला बोलावलंय."

त्याला चार शब्द सुनावेपर्यंत तो आत गेलाही.

धाकटी बाहेर आली ती हसत. म्हणाली, "चांगलं झालं ना ताई? ती पण छान गायली. मला वाटलं होतं तिला तो सूर झेपणार नाही."

आम्ही बस स्टॉपवर पोचलो. मग राहवेना. "तो तू लावलास."

"काय?"

"तिचा सूर. तू गायलीस तिच्या ओळीत. दोन्ही ओळी."

"नाही हो ताई." ती हसली. मग थांबली. मान थोडी तिरकी करून, आतल्या आत ऐकत असल्यासारखी उभी राहिली. हात गळ्याशी गेला. "मी गायले?" तिने विचारलं, आणि या वेळी मला हसू आलं नाही.

मी तिचा दंड धरला. "चल, परत जाऊन सांगू."

"काय सांगणार? की मला गप्प बसता येत नाही?"

"की ते गाणं तुझं होतं."

"ताई, तुम्हाला वाटतं त्यांना ते ऐकायचंय?" ती म्हणाली. "आणि ऐकलं तरी काय. म्हणतील, ही आतलीच बाई आहे, हिला बाहेर कशाला आणायचं." मग ती बस यायच्या दिशेने बघायला लागली. बस कुठेच नव्हती. "मला माझा आवाज ऐकूच आला नाही ताई. एवढा सराव केला आपण."

फूटपट्टीने मी तिला सुरू व्हायला शिकवलं होतं. थांबायला शिकवायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, तिच्याही नाही.

दिग्दर्शकाचा फोन आला. माणूस सभ्य होता, स्वतः बोलला. मी कान लावून शेजारी उभी होते. म्हणाला, शेवटच्या दिवशी त्या दुसऱ्या बाईंच्या आवाजाने आम्हाला चकितच केलं. तुमचाही आवाज सुरेल आहे, पण खरं सांगू, लक्षात राहत नाही. धाकटीने त्याचे आभार मानले. फोन ठेवला आणि कांदा चिरायला बसली. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून त्या माणसाला, पियानोवाल्याला, मालिकेतल्या सुनेला आणि देवालाही यथेच्छ शिव्या घातल्या. बाहेर आले तर कांदा चिरून झाला होता आणि ती रिकाम्या पाटावर सुरी चालवत होती.

हंगाम संपला. आतल्या जागेत आता स्पीकर ठेवलाय म्हणे. धाकटी दिवसभर घरी असते, मला काजंबटणं करून देते. तिचा हात सफाईदार आहे. पिवळा झगा तिने उसवून माझ्यापुढे ठेवला, म्हणाली, कापड चांगलं आहे, कुणाच्या तरी कामाला येईल. दीर म्हणतात, घर कसं शांत झालंय. त्यांना ते बरं वाटतंय की वाईट, मी विचारलं नाही.

काल भांडी घासताना मी तेच गाणं म्हटलं. ती लांब ओळ आली तेव्हा मी मुद्दाम सूर सोडला. नुसता सोडला नाही, चांगला खड्ड्यात घातला. धाकटी शेजारी पेला पुसत होती. मी वाट बघितली. तिचे खांदे वर गेले, मला दिसलं. मग तिने ओठ आवळले, श्वास नाकाने हळूहळू सोडून दिला, आणि पेला फडताळात ठेवला.

मी थांबले नाही. पुढचं अख्खं कडवं तसंच बेसूर म्हणत राहिले, आणि ती एकेक पेला पुसत राहिली.