तुर्कांची घंटा

पडवीचं छप्पर उचललं गेलं तेव्हा मी अंगणात, शेळीच्या खुंट्याशी वाकलेली होते. पत्रे, पत्र्याखालचे अँगल, वजनाला ठेवलेले दगड — सगळं एकदम वर गेलं. पत्रे बाभळीपलीकडं जाऊन पडले. दगड मात्र जागच्या जागी खाली आले. मी बाहेर आले तेव्हा त्या पडवीत माझी सून मंगल होती, झोळीत तिची महिन्याची मुलगी होती, आणि माझा मुलगा विलास पत्र्याला दोर बांधून लोंबकळत होता. मी ओरडले, पण वारा एवढा की माझं मलाच ऐकू आलं नाही.

कशी पोचले आठवत नाही... झोळी बांधायचो तिथं दगडांचा ढीग होता. मी हातानं दगड उपसायला लागले. खाली झोळीचं लुगडं सापडलं. रिकामं.

मान वर केली तर स्लॅबच्या खोलीच्या दारात मंगल, पोरीला छातीशी धरून. मागं विलास. मंगल माझ्यावरच चिडलेली.

"आत्या, घंटा वाजवून तुमी कुठं गेल्ता?"

मी घंटा वाजवली नव्हती.

आता पहिल्यापासून सांगते. माझं शिक्षण चौथी पास. धम्म घेतला तेव्हा माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले, आणि देव गेले तशी भुतंही गेली. अंगात येणाऱ्या बाया मी दारातूनच परत पाठवलेल्या आहेत. अशा गोष्टी तुमच्या अंकातल्या या सदरात वाचल्या की मी पान उलटते. तरीही लिहिते आहे, कारण झालं ते झालं.

आमची वस्ती पारनेरपासून थोडी बाजूला. घर म्हणजे स्लॅबची एक खोली आणि तिला जोडून पत्र्याची पडवी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विलास नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉपला होता. तिथल्या ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणला. कॉम्प्युटरवर पाणी गळू नये म्हणून तो ठेवला स्लॅबच्या खोलीत, आणि आम्ही माणसं झोपायला लागलो पत्र्याखाली!

त्यात एक गेम होता, जुन्या काळच्या लढायांचा. आधी गावकरी कामाला लावायचे, शेती करायची, लाकूड तोडायचं, मग किल्ला, मग फौज. सुट्टीच्या दिवशी विलासचे मित्र जमायचे, बाजू वाटून घ्यायचे आणि पाळीपाळीनं खेळायचे. कुणी इंग्रज, कुणी फ्रेंच. तुर्क आणि अरब कुणी घेईना. एक जण म्हणाला, त्यांची बाजू कोण घेणार... मी चहा गाळत होते. म्हटलं, मला द्या. गावाच्या कडेला ठेवलेल्यांची मला सवय आहे.

सगळे हसले. मी मात्र शिकले. अरबांचे उंट मला लगेच पटले — कमी पाण्यावर चालणारं जनावर, पारनेरच्या माणसाला कसं नाही पटणार? पण माझा जीव तुर्कांवर. त्यांच्या तोफांपुढं कुणी टिकत नाही. फक्त तोफा यायला वेळ लागतो, आणि तोवर गावकरी जगवावे लागतात.

त्यासाठी गेममध्ये एक घंटा असते. ती दाबली की शेतातले, रानातले सगळे गावकरी हातातलं काम टाकून किल्ल्यात पळतात. मी ती फार लवकर दाबायची. विलास म्हणायचा, "आई, वैरी अजून अंघोळ करतोय आणि तुझं गाव किल्ल्यात जाऊन बसलं." बसू दे. माझे गावकरी मरत नव्हते, त्याचे मरत होते.

पुढं घरातही तीच घंटा झाली. जेवण तयार झालं की मी स्पीकर मोठा करून घंटा दाबायची. विलास असेल तिथून यायचा. मंगलचे दिवस भरत आले होते, ती पोट सावरत पडवीतून यायची आणि म्हणायची, "आले, तुर्कीणबाई." घंटा झाली की स्लॅबच्या खोलीत यायचं, हे अंगवळणीच पडलं.

त्या दिवशी दसरा होऊन गेला होता, बाजरी काढून झाली होती. दुपारी गेममध्ये कॉम्प्युटरच्या तिघा वैऱ्यांनी मिळून माझ्या तुर्कांना घेरलं होतं, तेवढ्यात आभाळ गच्च झालं. विजा चमकल्या की मी गेम सेव्ह करते आणि प्लग काढते. कॉम्प्युटरचा काढला, स्पीकरचा काढला, दोन्ही वायरी खिळ्याला अडकवल्या. मग शेळी सोडायला बाहेर आले. बाकीचं वर सांगितलंच.

मंगल म्हणाली, जेवणाला वाजते तशीच वाजली, पण थांबेना. तिनं पोर उचललं आणि नेहमीसारखी आत गेली. विलासनंही ऐकली. तो म्हणाला, दोर सोडणार नव्हतो, पण पायच निघाले. मी स्वतः ऐकली नाही, तेही लिहून ठेवते. आत जाऊन पाहिलं — दोन्ही वायरी खिळ्याला लटकत होत्या. वस्तीवर लाईटसुद्धा नव्हती, खांबच आडवा झालेला.

मग लोक सुरू झाले. देवीनं वाचवलं म्हणत एक बाई नारळ घेऊन आली, तिला नारळासकट परत पाठवलं. एक मास्तर म्हणाले, पत्राच वाऱ्यानं तसा वाजला असेल. विलास म्हणाला, "गुरुजी, पत्र्याचा आवाज मी रोज ऐकतो. ती आमची घंटा हुती." नवे पत्रे बसवायला रशीदभाई आले. वरून बोल्ट आवळता आवळता म्हणाले, "मावशी, तुर्कांनी वाचवलं म्हणत्यात. म्हंजी आमच्या लोकांनी."

म्हटलं, "तुमचे कसले? माझे हायेत ते. मी राखलेत."

ते एवढे हसले की हातातला पाना खाली पडला. त्या दिवसापासून आमच्या पत्र्यावर दगड नाहीत.

लाईट आली तशी मी खुर्चीत बसले. सेव्ह केलेला गेम उघडला. तिन्ही वैरी तसेच वेढा देऊन उभे. घंटा दाबली, सगळं गाव आत घेतलं, आणि एकेक तोफ उभी केली. संध्याकाळपर्यंत तिघांची राज्यं भुईसपाट झाली होती. माझा एक गावकरी मेला नाही. विलासचे मित्र मागं उभे होते, त्यातला तो बाजू न घेणाराही होता. कुणी हसलं नाही. विलास एवढंच म्हणाला, "आई, आता जेवायची घंटा वाजव."

वाजवली.

विनाविजेची घंटा कशी वाजली, मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्यानं कळवावं, पण नारळ आणू नये. पडवीत तिघं होती — विलास, मंगल आणि माझी नात. तिघंही जगली. शेळीसुद्धा.