हात लावा जी

"हात लावा जी, एकट्यानं होत नाई."

दर मंगळवारी एस.टी. आली की हे ऐकू यायचं. टपावर त्याची पत्र्याची पेटी, खाली तो दोन्ही हात वर करून उभा. अंगानं असा, की बैल आजारी पडला तर ह्याला खुशाल जुंपावं. पेटीत काय, गोळ्यांचे डबे आणि एक रजिस्टर. आमच्या अड्याळची कुठलीही म्हातारी ती काखेत मारून बपेऱ्यापर्यंत चालत गेली असती. तरी हा हात मागणार, आणि सारा स्टँड दुसरीकडे बघणार. तो मिशनच्या दवाखान्यातून महारोगाच्या गोळ्या वाटायला यायचा ना! त्या पेटीला शिवलं की बोटं झडतात, हे गावात दूधपित्या लेकरालाही ठाऊक होतं. शेवटी कंडक्टर पायानं पेटी ढकलायचा. हा खाली झेलून म्हणायचा, "उपकार झाले जी."

स्टँडवर माझं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार लाकडी बल्ल्या, दोन बाकं आणि माझं तोंड. गिऱ्हाईक आलूबोंड्यापेक्षा माझ्या थापांसाठी जास्त यायचं. मी वाघाला चहा पाजल्याची गोष्ट पवनीपर्यंत पोचली होती.

त्या पेटीवाल्यासाठी काठ तुटलेला कप वेगळा, बाहेरच्या बल्लीला टांगलेला. तो आपणच काढायचा, आपणच धुवायचा आणि टोकाच्या बाकावर एकटा बसायचा. तो बसला की उरलेलं बाक रिकामं व्हायचं. घोट घेण्याआधी डोळे मिटायचा, ते थेट चहावर साय धरेपर्यंत.

एकदा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चूल माही, साखर माही, फुकू फुकू डोये माहे गेले, अन् आभार वरच्याचे काहून?"

"तुमालेबी त्यानंच पाठवलं ना जी."

"मले कोनी नाई पाठवलं. मी आपल्या मनगटावर उभा आहो. आजवर कोनापुढं हात पसरला नाई."

"मी रोजच पसरतो," तो म्हणाला. "आता लाज नाई वाटत."

लोक हसले. त्यालाच, अर्थात. मग मी विचारलं, एवढा गडी असून पेटी काहून उचलत नाई? तर म्हणे, "उचलता येते जी. पन एकट्यानं उचलली का वाटाले लागते, सारं आपल्यानंच होते. मंग वरच्याले हाक माराची आठवन राहात नाई."

तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं?

मनगटाचा पुरावा म्हणून मी उकळत्या तेलातून आलूबोंडा बोटांनी काढून दाखवायचो. लोक लांबून बघायला यायचे. एका मंगळवारी त्याच्यासमोर काढला. टाळ्या पडल्या. तो मात्र हसला नाही. सगळे पांगल्यावर जवळ आला.

"पोळत नाई का जी?"

"तेलाची काय हिंमत?"

त्यानं माझी करंगळी पाहिली, मग कोपराखालचा एक फिका डाग. डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा लागला की सांगा, म्हणाला. मी वाट पाहत राहिलो. मग कंटाळून विचारलं, "लावता कधी?"

"केव्हाचा लावूनच राहिलो जी."

तुम्हाला सांगतो, वाघासमोर बसलो तेव्हाही इतका गार पडलो नव्हतो. गावाला कळलं असतं तर हॉटेल बसलं असतं, पोरीचं लग्न मोडलं असतं. बाजाराच्या नावाखाली भंडाऱ्याला डॉक्टरांकडे जाऊन आलो. पुढची कित्येक वर्षं तो दर मंगळवारी त्या कपात गोळ्यांची पुडी ठेवून गेला. कुणाजवळ बोलला नाही. आणि मी? पेटीसाठी त्यानं हात मागितला की मी साखर ढवळत असायचो. तुटका कपही तसाच टांगलेला.

डाग गेला, तेल पोळायला लागलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"गावात तीन जन डाग लपवून बसले आहेत. मी गेलो का दार लावतात. तुमी आपलं सांगसान तं ऐकतीन. माह्यानं एकट्यानं नाई होत."

"येत्या मंगळवारी," मी म्हणालो. असे दोन वर्षांचे मंगळवार गेले. ज्या तोंडानं वाघाला चहा पाजला, त्याला एवढं एक खरं वाक्य झेपेना.

मग एका मंगळवारी टपावर पेटी नव्हती. कंडक्टर म्हणाला, त्याला दूर कुठंतरी पाठवलं. कुठं, ते कंडक्टरलाही माहीत नव्हतं. त्याच्या जागी कुणी आलं नाही. चौथ्या मंगळवारी मला राहवेना. हॉटेल भरलेलं होतं. टोकाला एक विणकर बसला होता, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

"मले महारोग होता," मी म्हटलं. "गोळ्या खाल्ल्या. बरा झालो."

मग सगळे बाकावर सरसावून बसले. "मंग? पुढं काय झालं?"

मी बाही वर केली. हात साफ. दाखवायला काही उरलंच नव्हतं.

"होता. खरंच होता."

अख्खं हॉटेल हसलं. विणकरही हसला. मग बाही मनगटापर्यंत ओढून उठला आणि चालू लागला. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं, तर कुणीतरी ओरडलं, "चूप बसा रे, गोष्ट अजून बाकी आहे."