गैरहजर पोरांच्या बाटल्या

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना? मग मोज की त्याला!" आमचे हे ओरडत होते.

"दादा, तो आज शाळेत नव्हता. गैरहजराच्या जागी दुसरं पोर घ्यायचं, असा नियम आहे."

"नियम गेला चुलीत! नवाचे दहा होतील, पोरांना गोळ्या मिळतील. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"आज मी एक घुसवला, तर उद्या दुसरा कुणी दोन गाळेल. मग आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"मग तो आकडाच घे उशाशी!"

मी स्वयंपाकघरात होते. ऐकता ऐकता दूध उतू गेलं, पण कुणाची बाजू घ्यावी ते कळलं नाही. आजही कळत नाही.

भांडत होत्या त्या माझ्या नणंदबाई. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. त्यांचं काम चारचौघांत सांगायची मला आधी लाज वाटायची. कालव्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून बारीक किडा निघतो. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून तो आत शिरतो आणि मग लघवीतून रक्त जातं. किती पोरांना ते लागलंय, हे वन्सं मोजायच्या. म्हणजे शाळेत जाऊन लघवीच्या बाटल्या गोळा करायच्या. तेही भरदुपारी, आणि आधी पोरांना मैदानात पळवून. दुपारच्या वेळी आणि पळाल्यावर किड्याची अंडी जास्त उतरतात म्हणे. "बाटलीबाई आल्या, पळा रे!" करत पोरं सुटायची. मला एकदा त्यांनी मायक्रोस्कोपमधून अंडं दाखवलं. खरबुजाच्या बीसारखं, टोकाला काटा.

"दिसायला गोजिरं आहे हो मेलं," मी म्हटलं. वन्सं हसल्या. हसण्याच्या बाबतीत बाई तशी कंजूषच.

शंभर पोरांत दहा निघाली तर गोळ्या चालू, कमी निघाली तर बंद. त्या वर्षी नऊ निघाली. दहावा धोबिणीचा मुलगा. तो आईबरोबर धुण्याला गेला होता. परतताना वन्संना कालव्याकाठी दिसला, वाळूत त्याची लघवी लाल. त्याच्या जागी घेतलेलं पोर ठणठणीत.

वन्संनी नऊच लिहिले. त्या मुलाला स्वतः गोळी नेऊन दिली, पण कालवा तोच आणि धुणंही तेच. पुन्हा लागण झाली. गोळ्या बंद, तशी बाकीच्यांनाही झाली. पुढे आकडा कितीही चढला तरी कचेरीतले साहेब वन्संचाच जुना कागद पुढे सरकवायचे. "बाई, रोग आटोक्यात आहे असं तुमच्याच सहीनं आलंय. आता पैसा दुसऱ्या रोगाला गेला." नळ मागायला गेल्या, तर पाण्याचं खातं वेगळं.

त्या भांडणानंतर वन्संनी एक केलं. शाळेतलं आटोपलं की गैरहजर पोरांच्या घरी जायच्या, त्यांच्या बाटल्या वेगळ्या मोजायच्या. त्यांतच रोग जास्त निघायचा. दुखतं म्हणूनच तर पोरं घरी राहतात. हा आकडा कुणी मागितला नव्हता, नेऊन दिला तर कुणी घेतलाही नाही. आमचे हे गेले, वन्सं निवृत्त झाल्या, बाटल्या सुटल्या नाहीत.

धोबिणीचा मुलगा मोठा झाला, एका मुलीचा बाप झाला. मग त्याच किड्यापायी लघवीच्या पिशवीत गाठ झाली आणि आईच्या आधी गेला. वन्सं भेटून आल्या.

"काही बोलली का ती?" मी विचारलं.

"म्हणाली, बाई, तुम्ही आमच्यासाठी फार केलंत."

त्या रात्री वन्सं ताटावरून तशाच उठल्या.

बाटल्या आणायला शेवटच्या वेळी गेल्या तेव्हा वन्संना धाप लागत होती. शाळेतून आल्या, पिशवी ठेवली आणि पुन्हा चपला घालायला लागल्या.

"आता कुठे?"

"एक घर राहिलंय, वहिनी. धोबिणीची नात आज आली नव्हती."

"उद्या जा. बाटलीला काय पाय फुटतात?"

"दुपार टळेल ना."

गेल्या. भिंत धरत धरत परत आल्या. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि ती खिडकीत ठेवली. फ्रिजमध्ये ठेवलेली मला चालत नसे, ते त्यांनी कधी मोडलं नाही. उन्हात बाटली लाल दिसत होती. वन्संनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि म्हणाल्या, "टाका चहा."