तराजू सरांचा दुसरा कप

सानगडीच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर खोटं तोलायचे. खरंच तोलायचे! उजवा तळहात पुढे धरून, डोळे बारीक करून, बाजारात वांगी तोलावीत तसे. म्हणून त्यांचं नाव पडलं तराजू सर. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द, खोटं. सरांना ते खपत नसे. वाढवून सांगितलं तर एक्झॅजरेट, छटाकभर. झोपल्याचं सोंग घेतलं तर प्रिटेंड, पावभर. मुळातच नसलेलं रचून सांगितलं तर फॅब्रिकेट, "पुरा शेर! त्यात खऱ्याचा दाणाही नाही राहत." पुढे पुढे मोबाइलवर जो तो "फेक, फेक" करायला लागला, त्याने तर ते पार वैतागायचे. "एका मापानं सारं मोजून राहिले लेकाचे!"

एकदा मी गृहपाठ केला नव्हता. उभा राहून सांगितलं, "सर, आजीला ताप आला होता." सरांनी हात पुढे धरला. "कधी आला होता बे?" मी खरं सांगून टाकलं. ताप मागच्या आठवड्यातला. "ताप खरा, वार खोटा. माल खरा अन् मांडणी खोटी, त्याले म्हणतात मिसरिप्रेझेंट. हे सगळ्यात कपटी. काहून? तर पकडता येत नाही." छडी नाही, काही नाही. तो शब्द मात्र मी जन्मात विसरलो नाही.

पुढे मी वरठीला नोकरीला लागलो. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, मुलगी माधुरीताई बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी न कळवता त्यांच्या घरी गेलो. टेबलावर वाफाळत्या चहाचे दोन कप मांडलेले. मला वाटलं, खिडकीतून पाहिलं असेल. मी आपला सरळ हात घातला.

"थांब बे! तो फोनसाठी आहे."

तेवढ्यात माधुरीताईचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी फोन असा धरला की दोन्ही कप दिसावेत. "कोण आलंय बाबा?" "जुना विद्यार्थी," सर म्हणाले आणि फोन माझ्याकडे वळवला. त्या दिवशी दुसऱ्या कपाचा पाहुणा खरा निघाला, एवढंच. बाकीच्या रविवारी कोणी आलेलं नसायचं. ताईने विचारलं की सर म्हणायचे, "चहा चालू आहे," आणि विषय बदलायचे. फोन ठेवला की दुसरा कपही स्वतःच प्यायचे. "थंडा होते तोवर," ते म्हणाले.

मी विचारलं, "सर, हे किती भरलं?"

ते हसले. हात पुढे धरला, पण तोललं नाही. "दोन कप आहेत, चहा आहे. एक शब्द खोटा नाही. मिसरिप्रेझेंट. एकटा आहो समजलं, तर नोकरी सोडून येतो म्हणते पोरगी. इथं येऊन काय करन ते?" मग खाली बघत म्हणाले, "तू रविवारी येत जा ना. तू आलास तर मले खोटं मांडावं नाही लागणार."

"येतो ना सर, दर रविवारी," मी म्हणालो.

त्यानंतर दोनदा गेलो. मग कधी जादा पाळी, कधी सोयरिकीतलं लग्न, कधी नुसताच कंटाळा. गाडीला किक मारून दीड-दोन तासांत पोचलो असतो. सरांचा फोन आला की म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." ते कधी रागावले नाहीत. "ये सवडीनं," म्हणायचे. मला आता त्या सवडीची लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर सर गेले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, तेव्हा कळलं. तेरवीला गेलो, तर माधुरीताईने मला आतल्या खोलीत बोलावलं. त्याच टेबलावर दोन कप चहा ठेवला. डोळे सुजले होते तिचे.

"दादा, रविवारी तुम्हीच यायचे ना? बाबांसमोर नेहमी दोन कप दिसायचे. तेवढ्या भरवशावर मी तिकडे राहिले. दर रविवारी यायचे ना तुम्ही?"

तिचा चेहरा पाहिला आणि म्हणालो, "हो ताई. दर रविवारी."

पुरा शेर. सर असते तर हातही पुढे करावा लागला नसता.

ताईने कप माझ्याकडे सरकवला. मी घोट घोट करत बसून राहिलो, पार थंडा होईपर्यंत.