समोरच्या मैथिलीची लक्षणं

इकडे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, आणि वाऱ्यासाठी दोघांचीही दारं दिवसभर उघडी. मी मुद्दाम काही ऐकत नाही हो! पण समोर काही झालं की ते आधी आमच्या हॉलमध्ये येतं आणि मग त्यांच्या स्वयंपाकघरात जातं. पंचवीस वर्षांत असे किती किस्से साठलेत. त्यातले हे मैथिलीच्या पंधराव्या वर्षाचे.

समोर रघुनाथराव, तंजावरकडचे मराठी, बँकेत आहेत. बायको सुमती, म्हातारे सासरे आणि ही एकुलती एक पोर. त्यांचं मराठी जुनं, मधेच तमिळ. माझं सांगलीचं, सातवीपर्यंतचं. आता दोन्ही घरांत मिळून एक तिसरंच बोललं जातं.

*

मैथिली दहावीत गेली आणि दारं आपटायला लागली. आधी मला वाटलं, वारा. पण वारा रोज शाळा सुटल्यावरच कसा येईल?

एका रविवारी रघुनाथरावांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तिच्या खोलीची कडीच काढून टाकली. सोमवारी सकाळी पोरगी बाथरूममध्ये गेली. तिथे कडी होती. सव्वा तास बसली! आधी सासरे टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडे अंघोळीला आले, मागोमाग ऑफिसची वेळ झालेले रघुनाथराव.

संध्याकाळी पुन्हा स्क्रू ड्रायव्हरचा आवाज आला. कडी होती तिथे परत लागली.

*

सुमतीने मग कुठल्याशा मासिकातून मुलं बिघडल्याची लक्षणं उतरवून फ्रिजवर लावली. एकटं राहणं, जेवणावरून रागावणं, अवेळी झोपणं, विचारलं तर उत्तर न देणं, अशी दहा. आठवडाभर पेन्सिलीने खुणा केल्या आणि तोंड पाडून माझ्याकडे आली.

"अक्का, मैथिलीची चार निघाली."

मी म्हटलं, दहातली चार म्हणजे फार नाहीत.

"मामंजींची सात आहेत."

*

त्यानंतर फोनची पाळी. घरात कुठेही लपवला तरी ती शोधायची, म्हणून सुमतीने तो माझ्या हवाली केला. मी तो रव्याच्या डब्यामागे ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मैथिली माझ्याकडे अभ्यासाला! दहा मिनिटांसाठी फोन मागायची, आणि मी द्यायची. काय करणार, पोरीचे डोळेच तसे.

महिन्याने सुमती खुशीत सांगायला आली, की पोरगी सुधारली, आता घरात फोनचं नावही काढत नाही. तुमच्या घरचं वळण लागलं म्हणाली. मी पदर तोंडाला लावून कुकर बघायला उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

पण मला एक खटकत होतं. मैथिली फोनवर हसायची नाही. ट्यूशनचा ग्रुप उघडायची, चेहरा एवढासा व्हायचा, आणि पाच मिनिटांतच फोन परत.

*

मी बाजाराला मांबलम स्टेशनच्या पुलावरून जाते. एकदा पाचच्या सुमाराला खाली बघते तर प्लॅटफॉर्मच्या बाकावर मैथिली, मांडीवर दप्तर. पाचला तिची गणिताची ट्यूशन. मी आयुष्यात पहिल्यांदा प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि शेजारी जाऊन बसले.

मी काही विचारलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही विचारलं! दोन गाड्या गेल्या, मुरुक्कूचं, म्हणजे इकडच्या चकलीचं, पाकीट संपलं, मग तीच बोलली. ट्यूशनचे सर मार्कांप्रमाणे रांगा लावतात. ती शेवटच्या रांगेत. वर सगळ्यांचे मार्क ग्रुपवर टाकतात. तीन आठवडे ती तिकडे फिरकलीच नव्हती, आणि सरांकडे मुलं इतकी, की एक कमी झाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"अप्पाला सांगणार, आंटी?"

मी म्हटलं, बापाला आधी तूच सांग.

"अप्पा ऐकतात कुठे? ते सुरू होतात."

*

चारच दिवसांनी रघुनाथराव आमच्याकडे आले. लांबच्या एका हॉस्टेलच्या शाळेचा फॉर्म हातात. तिथे पोरं पहाटे चारला उठतात, वर्षातून दोनदा घरी येतात. सोमवारी पैसे भरायचे होते. आमच्या ह्यांचं मत विचारायला आले होते, पण हे ओरगडमहून, कारखान्यातून यायचे होते. मग मत माझंच सांगितलं.

म्हटलं, "उद्या पाचला स्टेशनवर जा. ती बाकावर असेल. शेजारी बसा आणि ती बोलेपर्यंत तोंड उघडू नका."

रघुनाथराव म्हणजे लिफ्टलासुद्धा सूचना देणारा माणूस. फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सात वाजले, दोघांचा पत्ता नाही. सुमती दारात, मीही आमच्या दारात. साडेसातला बापलेक जिना चढून आले. मैथिलीचे डोळे रडून लाल, हातात पेरूच्या फोडी. मीठमिरची लावलेल्या. रघुनाथरावांच्या हातात तशाच.

सुमतीने विचारलं, ट्यूशन झाली का. पोरगी काही बोलायच्या आत रघुनाथराव म्हणाले, "ती जात नाही तिथे. मीच नको म्हटलं. हॉस्टेललाही नको म्हटलं."

"कधी म्हटलंत?"

"आत्ताच. तांबरमला."

"गाडीत बसून पार तांबरमला कशाला गेला होतात तुम्ही?"

रघुनाथरावांनी फोड खाल्ली. "तिचं बोलणं संपलं नव्हतं."